दोरीचे ३४ झटके: देवबागच्या एका आउटबोर्डचं प्रकरण

माझं गॅरेज कुडाळला, दुचाक्यांचं. पाण्यातल्या मशिनींशी माझा संबंध नात्यापुरता. मोठा आतेभाऊ देवबागला असतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. दादाची फायबरची लहान होडी आहे. तिच्या मागे ९.९ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, दोन सिलिंडरचं, हाताने दोरी ओढून चालू करायचं. नारळी पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते आणि त्याचा फोन आला, "रे बाबू, ह्या मशीनान माझो खांदो काढल्यान."

तक्रार अशी. सकाळी पहिल्यांदा चालू करताना तीस-चाळीस वेळा दोरी ओढावी लागते. एकदा पेटलं की फुल रेसला बरं पळतं. रेस कमी केली की फडफडतं आणि बंद पडतं. गरम असताना बंद केलं तर मात्र एका-दोन झटक्यांत परत चालू. "आणि लांबवर गेलंय काय मधीच दम टाकता, फुगो दाबलंय काय परत उचलता," हेही त्याने बोलता बोलता सांगितलं. फुगो म्हणजे टाकीच्या नळीतला रबरी फुगा, हाताने दाबून पेट्रोल मशीनकडे ढकलायचा. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मला बोलावण्याआधी प्लग दोनदा बदलून झाले होते. मालवणात कुणीतरी पाहून 'सीडीआय गेलं' असा निकालही दिला होता. सीडीआय म्हणजे प्लगला करंट सोडणारा डबा, काही हजारांचा. दादा तो मागवायच्या बेतात होता. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

रविवारी पोचलो तेव्हा होडी वाळूवर ओढलेली होती, मशीन काढून मांगरात, म्हणजे सामानाच्या शेडमध्ये, एका लाकडी घोडीवर टांगलं होतं आणि खाली पाण्याने भरलेला निळा ड्रम. आउटबोर्ड पाण्याबाहेर चालवायचं नाही हे दादाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. थंड ठेवणारं पाणी खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरला की बघता बघता जळतो. मी त्याला सांगितलं, तू रोज करतोस तसंच कर, मी फक्त बघतो. आणि त्याच्या पोराला कामाला लावलं: दोरीचे झटके मोज, भिंतीवर कोळशाने आकडा लिही.

दादाने टाकीच्या झाकणावरचं हवेचं बूच सैल केलं. नळीतला रबरी फुगा दहा-पंधरा वेळा दाबला. चोक ओढला, गिअर न्यूट्रल, रेस 'स्टार्ट'च्या खुणेवर, मनगटाच्या दोरीची क्लिप जागेवर. सगळं बरोबर. दोरीही नीट ओढत होता, आधी सावकाश, दात पकडले की मग जोरात. दहा झाले, वीस झाले. मी नाक पुढे नेलं. इतक्या वेळा चोक ओढून दोरी मारल्यावर पेट्रोलचा वास यायला हवा होता. येत नव्हता. चौतिसाव्या झटक्याला मशीन खोकत खोकत पेटलं. पोराने भिंतीवर ३४ लिहिलं आणि दादा पाटावर बसला.

अर्धा तास मशीन गार होऊ दिलं, चालू न करता पाच-सहा झटके मारले आणि प्लग काढले.

प्लग हातात आला की लोक आधी तो नवा की जुना ते बघतात. माझ्या लेखी आधी बघायचं ते ओला की कोरडा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही, म्हणजे करंट बघा, नाहीतर पेट्रोल जास्त झालंय. तसं असेल तर चोक बंद करायचा, रेस पूर्ण उघडायची आणि प्लग सुकवून झटके मारायचे. कोरडा असेल तर सीडीआयला शिव्या देण्यात अर्थ नाही. आमचे दोन्ही कोरडे ठणठणीत होते.

तिथे एक गंमत दिसली. दोन प्लग एकसारखे नव्हते. एकावर बी७एचएस-१० आणि दुसऱ्यावर नुसतं बी७एचएस. पुढचं '१०' म्हणजे फट १ मिलिमीटरची. दुसऱ्याची फट मोजली तर ०.७. घाईत कुणीतरी डब्यातून हाताला येतील ते दोन उचलून लावले होते. मशीन त्यामुळे अडलं नव्हतं, पण नीट जोडी बसवली.

प्लग होडीच्या मशीनचा असो की स्कूटरचा, करंट बघायची रीत तीच. प्लग टोपणात बसवायचा, त्याचा लोखंडी भाग मशीनच्या अंगाला टेकवायचा आणि दोरी मारायची. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. टाकी आणि फुगा लांब नेऊन ठेवायचा, कारण ठिणगीला पेट्रोलची वाफ पुरते. आणि वायर लोंबती सोडून दोरी मारायची नाही. करंटला जायला जागा नाही मिळाली की तो सीडीआयच्याच अंगावर उलटतो, म्हणजे धड डबा आपण तपासता तपासता मारायचा. मांगरात अंधार होताच. दोन्ही प्लगांवर निळी, चटचट आवाजाची ठिणगी. हात आखडता घेऊन मारला की ठिणगी नाही, नेटाने मारला की येते. सीडीआयची जात तशीच असते, चाक ठरावीक वेगाने फिरल्याशिवाय ते बोलत नाही. सकाळच्या पंचविसाव्या झटक्याला दमलेला माणूस तेवढा वेग देऊ शकत नाही, हेही 'करंट गेला' वाटायचं एक कारण. डबा मागवायचं रद्द झालं.

कंप्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं, घड्याळ मी सोबत नेलं होतं. या प्लगचा आटा १४ मिलिमीटरचा, आमच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचाही तोच, त्यामुळे घड्याळ सरळ बसलं. दोन्ही प्लग काढून, रेस पूर्ण उघडून पाच झटके: वरच्या सिलिंडरला १०५ पीएसआय, खालच्याला १००. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असता तर पिस्टनच्या रिंगांची काळजी लागली असती. बारा वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेल्या मशीनला हे आकडे म्हणजे कौतुक.

मग शेवटची खात्री. इंजेक्शनच्या सिरिंजने चमचाभर तेलमिश्रित पेट्रोल दोन्ही प्लगच्या भोकांतून आत सोडलं, प्लग लावले, दोरी मारली. दुसऱ्या झटक्याला मशीन गरजलं, तीन-चार सेकंद चाललं आणि बंद. करंट आहे, दम आहे, पेट्रोल दिलं की पेटतं. ते स्वतःहून पोचत नाही, एवढाच प्रश्न उरला.

टाकीतली नळी काढून तळातलं पेट्रोल एका पांढऱ्या पाण्याच्या बाटलीत घेतलं आणि मांगराच्या दारात उन्हात धरलं. वर निळसर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ, ताकाच्या निवळीसारखं. पोराने विचारलं, "पाणी?" नुसतं पाणी नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि काही प्रमाणात पाणी स्वतःत विरघळवून घेतं. ती हद्द संपली की पाणी एकटं वेगळं होत नाही, इथेनॉललाही ओढून घेऊन तळाशी बसतं. टाकीत पेट्रोल खेचणारी नळी असते ती नेमकी तळाशीच.

हे सगळं पावसाळ्यात घडलं होतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी, आणि बंदी नसती तरी त्या लाटांत एवढी होडी घालायची कुणाची छाती नाही. दादाने मेच्या शेवटी मशीन गोड्या पाण्याने धुऊन ठेवलं होतं, पण टाकी अर्धी भरलेली तशीच मांगरात, हवेचं बूच उघडं. कोकणातला जून-जुलै म्हणजे गादीलाही बुरशी येते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत घेते. दोन महिने हेच चाललं. टाकी एक तर गळ्यापर्यंत भरून, बूच आवळून ठेवावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून. अर्धीमुर्धी ठेवली की असं होतं.

ते पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये झाकण लावून मी कुडाळला नेलं. पोरगा खाडीत ओतायला निघाला होता, त्याला आजीनेच हाक मारली.

तेलाचंही सांगतो, कारण प्लगांवर काजळी होती. दादा तेल मोजायचा ते पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने, आणि मग 'जरा वरती' अजून थोडं, मशीन बरं चालावं म्हणून. या मशीनला ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, दहा लिटरच्या टाकीला २००. जास्त तेलाने मशीन सुखी होत नाही, प्लग काळे होतात. तेलही आउटबोर्डचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्यायचं. स्कूटरचं टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्यात राख सोडणारी औषधं असतात. पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनमध्ये ती राख साचते. टू-टीवर आयुष्य काढलेला मी हे सांगतोय याचं दादाला हसू आलं.

कार्बोरेटर मी होडीत कधीच उघडणार नाही. पडलेला स्क्रू देवबागच्या वाळूत सापडत नाही, खाडीत तर विचारूच नका. पांढरा पंचा अंथरला आणि त्यावर काम. आधी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सोडला. चहाच्या कपात जे आलं त्यात पाण्याचे मणी पारा घरंगळावा तसे घरंगळत होते आणि तळाला मधासारखा तपकिरी चिकटा. पेट्रोल महिनोन्‌महिने वाटीत सुकलं की हाच चिकटा राहतो.

हवेचा स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजलं. दीड. तळहातावर पेनने लिहून ठेवलं. हे न लिहिता काढणारे मी पाहिलेत, नंतर दिवसभर अंदाजाने फिरवत बसतात.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा. मोठा जेट उजेडाकडे धरला, भोक स्वच्छ गोल. बारीक जेट धरला, काहीच दिसेना. तक्रारीतल्या बऱ्याच गोष्टी इथे उलगडल्या. रेस जवळजवळ बंद असताना, म्हणजे चालू करताना आणि बारीक चालताना, मशीनचं पोट या बारीक जेटवर असतं. रेस वाढली की मोठा जेट कामाला लागतो. म्हणून फुल रेसला घोडा आणि बारीक केलं की फडफड. चोक लावून, दमवून दमवून, मोठ्या वाटेने थोडं पेट्रोल वर यायचं तेव्हा कुठे पेटायचं.

जेट साफ करायला टाचणी नको, लोखंडी तार नको. जेट पितळेचा असतो, भोक एका केसाने जरी मोठं झालं तरी मशीन पेट्रोल पिऊ लागतं. मी एरवी वायरमधली तांब्याची एक बट वापरतो. इथे त्याहून बरी वस्तू दारातच टांगलेली होती. जाळ्याचा सगळ्यात बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, घेतला, टोक तिरकं कापलं, जेट क्लीनरमध्ये भिजवला, तेवढ्या वेळात जेवून घेतलं आणि तंगूस आत घातला. दोनदा अडला, तिसऱ्यांदा पार गेला आणि टोकाला तपकिरी कण घेऊन बाहेर आला. सायकलच्या पंपाने हवा मारली. आता जेटातून मांगराच्या कौलांमधलं आभाळ दिसत होतं, मोहरीएवढं.

कार्बोरेटर चढवला, हवेचा स्क्रू दीड फेरा, टाकी पुसून नवं पेट्रोल, मोजून तेल. ड्रममध्ये मशीन, फुगा दाबत राहिलो. चाळीस-पन्नास वेळा दाबला तेव्हा कुठे तो कडक झाला. नळी रिकामी होती, वाटी रिकामी होती, लागणारच, असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या झटक्याला चालू. रेस कमी केली, मशीन शांत पुटपुटत राहिलं, मागून पाण्याची धार सरळ. भिंतीवर ३ लिहिला गेला. वहिनीने बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं केलं होतं, त्याच्यावर दोन वेळा भात घेतला. निघताना दादाला शहाणपणाचा एक सल्ला दिला: रोज संध्याकाळी नळी काढ आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे. वाटी कोरडी राहील, परत चिकटा होणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन.

"परत ताच रे. बावीस."

मी अंथरुणातच बसून राहिलो. जेट माझ्या हाताने साफ झाला होता, आभाळ बघितलं होतं. एका रात्रीत परत भरणं शक्य नव्हतं. मी विचारलं, बारीक चालतं का? "बारीक मस्त चालता. पेटता तेवढा नाय." म्हणजे जेट ठीक. मग मी विचारलं, काल रात्री आणि आज सकाळी वेगळं काय केलंस? तर म्हणाला, "तुया सांगलंस म्हणान रात्री सुका केलंय."

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाटी कोरडी असेल तर सकाळी ती फुग्याने भरायला हवी. सुस्थितीतला फुगा आठ-दहा दाबांत वाटी भरतो आणि दगडासारखा होतो, कारण वाटी भरली की सुई वाट बंद करते आणि पेट्रोलला पुढे जायला जागा राहत नाही. आणि काल मी चाळीस-पन्नास वेळा दाबला होता. त्याच्याही आधी सकाळी दादा दाबत होता तेव्हा फुगा मऊच होता, ते मी पाहिलं होतं, आणि 'आडवा धरलाय म्हणून' असं ठरवून पुढे गेलो होतो. फुगा बाणाचं टोक वर करून उभा धरावा हे खरंच आहे, आतल्या झडपा मग नीट बसतात. पण ते कारण मला सोयीचं पडलं म्हणून मी घेतलं. त्याच्या जोडीला दादाचं पहिल्या फोनवरचं वाक्य: लांबवर गेल्यावर दम टाकतं, फुगा दाबला की उचलतं. यात आजाराचं नावच सांगितलेलं होतं. जेट बुजलेला असताना फुगा दाबून काही होत नसतं.

पहिला दोष सापडला की मेकॅनिक शोधायचं थांबतो. मी थांबलो होतो.

गुरुवारी गॅरेज दुपारी बंद करून परत गेलो. या वेळी पाना हातात घ्यायच्या आधी शेजारच्या होडीवाल्याची टाकी आणि नळी उसनी मागितली. त्या किनाऱ्यावर बऱ्याच जणांकडे एकाच कंपनीची मशिनं, त्यामुळे जोड बसला, एरवी कंपनीगणिक तो वेगळा असतो. दादाच्या मशीनची वाटी कोरडी करून शेजाऱ्याची टाकी लावली. फुगा नऊ दाबांत कडक, मशीन दुसऱ्या झटक्याला चालू. म्हणजे मशीनच्या आत काही नाही, दोष टाकी ते मशीन या दोन मीटरांत. हे उसनं मागणं फुकटचं होतं आणि पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

मग दादाची टाकी आणि शेजाऱ्याची नळी: ठीक. टाकी सुटली. राहिली नळी.

नळी वरून धड होती, कुठेही ओल नाही, थेंब नाही, वास नाही. याचमुळे कुणाला संशय आला नव्हता. गळणारी नळी माणूस लगेच बदलतो. फुग्याच्या पुढे, मशीनकडे भेग असती तर फुगा दाबल्यावर पेट्रोल बाहेर आलं असतं. पण फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला, पेट्रोल दाबाने जात नाही, ओढलं जातं. तिथे भेग असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि हवा आत जाताना कुणाला दिसत नाही.

ती दिसावी म्हणून गवंड्याच्या लेव्हलचा पाइप. पलीकडे घराचं काम चालू होतं, तिथून हातभर पारदर्शक पाइप कापून आणला, फुगा आणि मशीन यांच्या मधे क्लिप लावून जोडला आणि दादाला फुगा दाबायला सांगितलं. आम्ही तिघं डोकी एकत्र करून बघत होतो. प्रत्येक दाबाबरोबर पाइपमधून पेट्रोल सरकायचं आणि त्याच्यामागे बुडबुड्यांची माळ, अबोलीच्या वळेसरासारखी, पेट्रोल थोडं आणि हवा जास्त. दादा दहा-पंधरा वेळा दाबायचा आणि भरलं असं समजून दोरी ओढायचा. वाटी तेव्हा तळाशी जेमतेम ओली झालेली असायची. पुढचे वीस-तीस झटके म्हणजे मशीनचाच छोटा पंप घोट घोट करून वाटी भरत होता आणि ती मजुरी दादाच्या खांद्यावर पडत होती. गरम असताना बंद केलं की वाटी भरलेली, म्हणून एका झटक्यात चालू. नारळी पौर्णिमेनंतरच्या दिवसांत बारीक जेट आणि हवा अशी दोन्ही भुतं एकत्र होती. मी एकाला काढलं, आणि वाटी कोरडी करायचा सल्ला देऊन दुसऱ्याला रोज सकाळी पाटावर बसवलं.

हवा नेमकी कुठून, त्यासाठी ग्रीस. टाकीकडच्या जोडावर बोटाने जाड ग्रीस थापलं आणि परत फुगा दाबला. माळ तुटली. एखाद-दुसरा बुडबुडा, मग नुसतं निळं पेट्रोल. बारा दाबांत फुगा कडक.

जोड सोडला. आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, चपटी होऊन प्लास्टिकसारखी कडक झालेली, एका जागी नखाएवढी चीर. नळी जिथे जोडावर चढते तिथली क्लिप गंजून गेलेली, तिच्याऐवजी दादाने मेमध्ये तार पिळून बांधली होती. तार दोन जागी धरते, मधे सोडते. आणि नळीचं टोक कापून उभं चिरलं तर आतला थर सुरकुतून सुटू लागलेला. इथेनॉलच्या आधीच्या जमान्यातल्या जुन्या रबराचं हे होतं. आतून सोलवटतं, बाहेरून तसंच तुकतुकीत राहतं.

त्या संध्याकाळपुरतं जुगाड केलं: नळी दोन इंच कापली, स्टेनलेसच्या दोन क्लिपा, आणि मालवणातून आणलेली पेट्रोलला टिकणारी ओ-रिंग, वीस रुपयांची. दुकानात दादाने नळाच्या वायसरची पुडी उचलली होती, ती मी परत ठेवायला लावली. ते रबर पेट्रोलमध्ये दोन दिवसांत फुगून गुलाबजाम होतं. नळी आणि फुगा दोन्ही पुढच्या आठवड्यात नवे घेतले, सीडीआयच्या पैशांच्या मानाने किरकोळ खर्चात.

"मियां तुका पयल्याच दिवशी सांगलंय ना," दादा फुगा हातात धरून म्हणाला. सांगितलं होतं.

पोराने मोजणं सोडलं नाही. गणपतीत गेलो तेव्हा मांगराच्या भिंतीवर कोळशाचे आकडे ओळीने होते. ३४, मग ३, मग २२, पुढच्या दोन सकाळी १९ आणि २४, आणि गुरुवारनंतर ३, २, ३, २, २, ४, २. त्यांच्या मधेच एकदा ११. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि काही विचारायच्या आत वाकून बघितलं, तर शेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'बूच उघडूक इसारलो, बाबा.'